भुलीची दोन इंजेक्शनं

१२ नोव्हेंबर १९९९, शुक्रवार

शी! आज बाबांच्या तोंडाजवळ बसवेना. खालची डावी दाढ पार किडली आहे, आत पू झालाय, गाल टम्म सुजलाय. आणि हा माणूस त्यात लवंगतेलाचा कापूस कोंबतो, वरून तंबाखूची चिमूट! म्हणे ठणका मरतो. वापरलेला कापूस खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून देतात. पिवळट, ओला. आज मीच कागदात धरून टाकला. साबणाने हात धुतले तरी जेवताना वास येत होता. भात तसाच ठेवून उठले.

आई म्हणाली, "लगीन होईस्तोवर कळ काढा." लग्न माझं. बारा डिसेंबरला. म्हणजे महिनाभर हा कापूस!

१४ नोव्हेंबर, रविवार

रमेशकाका आले होते. बाबांचे धाकटे भाऊ, पण घरात हुकूम त्यांचा. माझं लग्न त्यांनी जमवलं, हे ते मला भेटतील तेव्हा ऐकवतात. ओटीवर पाय पसरून बसले. चहा बशीत ओतून फुर्र, फुर्र. मिशीला साय. मग म्हणाले, "दातासाठी भाऊला अश्लेषाकडेच न्यायचा. घरची डॉक्टर सोडून दुसरीकडे गेलो तर सोयऱ्यांना काय वाटेल?"

अश्लेषा म्हणजे विघ्नेशची आतेबहीण. आगाशी रोडला तिचा दातांचा दवाखाना आहे. विघ्नेश म्हणजे अर्थात माझा होणारा.

मी म्हटलं, "मग तिला बाबांच्या छातीचं सांगावं लागेल."

काकांनी बशी खाली ठेवली आणि मी शिवी दिल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

बाबांना अंजायना आहे. इथे तरी लिहू दे, घरात त्या शब्दाला बंदी आहे. गेल्या वर्षी इथे बोळिंजला आमच्या वाडीत केळीचा लोंगर उचलताना त्यांची छाती भरून आली, डाव्या हातात कळ गेली. बोरिवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला रक्त नेणारी नळी अरुंद झाली आहे. ओझं उचललं, धावपळ झाली, घाबरलं की दुखणार. दुखलं की बसायचं आणि जिभेखाली गोळी धरायची. ती गोळी बाबा चंचीत ठेवतात, पान-चुना-सुपारीत. चारचौघांत तोंडात टाकली तरी लोकांना वाटतं सुपारी. ही युक्ती रमेशकाकांची! कारण आधीचं केळव्याचं स्थळ याच्यावरूनच परत गेलं. 'बापाला हार्ट, उद्या पोरीलाही निघेल.' मग कळंबचे लोक, म्हणजे विघ्नेशच्या घरचे, बघायला आले आणि त्यांनी घरातल्या दुखण्याखुपण्याचं विचारलं, तेव्हा काकांनी छाती ठोकून सांगितलं, "भाऊ एकदम ठणठणीत!" त्यांचं काय जातंय छाती ठोकायला. दुखते ती बाबांची.

१७ नोव्हेंबर, बुधवार

कापूस. आज देव्हाऱ्याखाली. देवा!

१८ नोव्हेंबर, गुरुवार

क्लासवर विघ्नेशचा फोन आला. तुळिंजच्या त्या कोंदट खोलीत मी पोरांना कॉम्प्युटर शिकवते, आणि फोन वाजला की सगळी पोरं कीबोर्ड सोडून माझ्या तोंडाकडे बघतात. काही खास बोलला नाही. जेवलीस का, बाबांचा गाल कसा आहे, अश्लेषाताईशी बोलू का. त्याचा आवाज ऐकला की माझा वैताग उतरतो. मला तो आवडतो. खरंच आवडतो. आजवर ओटीवर पोहे खाऊन गेलेल्या सगळ्या बावळटांत हा एकच, ज्याने मला काम सोडणार का असं न विचारता काम आवडतं का असं विचारलं.

त्याला सांगावंसं वाटलं. बाबांचं. नाही सांगितलं. पोरं बघत होती.

२० नोव्हेंबर, शनिवार

बाबांना ताप. गाल डोळ्यापर्यंत सुजलाय, तोंड नीट उघडत नाही, लाळ गळते. आता पर्याय नाही. अश्लेषा उद्या रविवार असूनही त्यांच्यासाठी दवाखाना उघडणार आहे.

संध्याकाळी घरात महाभारत झालं. मी म्हटलं, मी सांगणारच. भूल द्यायची म्हणजे औषध द्यायचं, हृदयाच्या माणसाला काही उलटसुलट झालं तर?

काका म्हणाले, "दात काढायचाय, काळीज नाय काढायचं."

आणि हसले! स्वतःच्याच बोलण्यावर. आई रडायला लागली. "सुरुची, तुझ्या पाया पडतं गे. हॉल घेतला, पत्रिका वाटल्या. केळव्याचं झालं तसं परत झालं तर मी विहीर जवल करीन." बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा ना काय ते." ते सुजलेल्या तोंडाने इतकंच म्हणाले, "काका म्हनतो तसा कर."

किळस आली मला. दाढेची नव्हे.

२२ नोव्हेंबर, सोमवार

आत्ता इस्पितळातून आले. अंघोळ केली. कपड्यांना डेटॉलचा आणि बाबांच्या घामाचा वास होता, बादलीत टाकून दिले. कालचं सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी काका सांगतील तेच खरं वाटायला लागेल.

सकाळी आईने बाबांना नवा सदरा घातला. सोयऱ्यांच्या डॉक्टरकडे जायचं ना! जुन्या सदऱ्यातून चंची काढली आणि फळीवर ठेवली. "दाताच्या डॉक्टरकडं तंबाखू घेऊन जातात काय? ती काय म्हनंल?" तिला वाटलं, अब्रू राखली. गोळी त्या चंचीतच राहिली. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

दवाखाना लहान आहे. एकच खोली, एक खुर्ची, भिंतीवर दातांचं मोठं चित्र. बाबा खुर्चीत, काका शेजारी स्टुलावर, मी दारापाशी. दुसरं कोणी नव्हतं. अश्लेषा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. शांत, हात फार सुबक. तिने बाबांना विचारलं, "काका, बीपी, शुगर, हार्टचा काही त्रास?"

बाबांनी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "छे! भाऊचं कधी डोकं दुखत नाही."

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. गुलाबी हिरडी आणि पांढरेशुभ्र दात. बघत राहिले.

अश्लेषाने जरा वेळ बाबांच्या तोंडाकडे बघितलं, "बरं" म्हणाली आणि कपाट उघडलं. हिरडीत इंजेक्शन दिलं. थांबलो. तिने दाढेला नुसती अवजाराची टोच लावली आणि बाबा केकाटले. पुन्हा थांबलो. पुन्हा तेच. "पू असला की भूल नीट चढत नाही," ती म्हणाली. काकांना काय, आयती करमणूक! "काय डॉक्टर, भाऊला मुंगी पन नाय चावली तुमच्या सुईने. आगाशीचा आमचा म्हातारा वैदू न टोचता काढायचा. आता लग्नात सगळ्यांना सांगायला झालं, सोयऱ्यांच्या डॉक्टरने दाढेसकट परत पाठवला!" ती हसली. पण तिचे कान लाल झाले. परत कपाटाकडे वळली, दुसरं इंजेक्शन भरलं, दिलं.

लगेचच बाबा खुर्चीत उठायला लागले. कपाळावर घामाचे थेंब. "धडधडतंय," म्हणाले, मग बोलणं बंद. हात सदऱ्याच्या खिशावर. खिसा चाचपतायत, चाचपतायत, आणि खिशात काही नाही. ती नजर मला विसरता येणार नाही. काका म्हणाले, "भाऊ घाबरला, पानी द्या."

मी ओरडले. "पाणी काय पाणी! हार्ट आहे त्यांना! अंजायना! गोळी घरी राहिली!"

अश्लेषा हातमोज्यांसकट बाहेर धावली. शेजारच्या केमिस्टकडून गोळी घेऊन आली. आणि पुढचं लिहितानाही अंगावर काटा येतो. बाबांची अर्धी जीभ बधिर झाली होती. गोळी जिभेखाली राहीना, लाळेबरोबर ओठावर येत होती, त्यांना कळतही नव्हतं. अश्लेषाने ती बोटाने आत दाबून धरली. त्या पुवाच्या, तंबाखूच्या तोंडात बोट घालून ती विरघळेपर्यंत बसून राहिली. काका तेव्हा खिडकीपाशी उभे होते, नाकाला रुमाल लावून.

रिक्षा, इस्पितळ, कार्डिओग्राम, ऑक्सिजन. मोठा झटका नाही, थोडक्यात वाचले, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांना सगळं खरं सांगावं लागलं. काकांनी तेही कुजबुजत सांगितलं!

बाहेर अश्लेषा मला म्हणाली, "भुलीच्या औषधात रक्तवाहिन्या आवळणारं दुसरं औषध मिसळलेलं असतं. त्याने भूल टिकते, रक्त कमी येतं. पण ते अंगात गेलं की हृदय धावायला लागतं. तुझ्या बाबांसारख्याला ते सोसत नाही. त्यांना साधं देतात, न मिसळलेलं. माझ्या कपाटात होतं, सुरुची. एक शब्द सांगायचात."

तिने हातमोजे अजून काढले नव्हते.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

आई जेवत नाही. चंची फळीवर आहे तिथेच आहे, तिला हात लावत नाही, कुणाला लावू देत नाही. "मी काढली. माझ्या हातानं काढली." दिवसभर हेच. मी तिला जवळ घेतलं. गेले काही दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

रमेशकाका नावाचा प्राणी!

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी पाणी भरत होते. कोपऱ्यावर काका, हातात बटाटावडा, समोर विघ्नेशचे बाबा. काका तोंडात घास ठेवून सांगत होते, "काय सांगू, भुलीचं इंजेक्शन जास्त झालं हो पोरीकडून. एकावर एक दोन दिली. भाऊला उभ्या जन्मात सर्दी नाय झाली, आणि आज बघा!" बोलताना वड्याचे कण समोरच्याच्या सदऱ्यावर उडत होते. आणि विघ्नेशचे बाबा, बिचारे, मान खाली घालून ऐकत होते.

मी पुढे झाले तर काकांनी मला डोळ्यांनी दाबलं. नंतर कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "तू त्या खोलीत ओरडलीस ते फक्त तिने ऐकलंय. ती काय बोलली तर म्हनू, अंगावर आलं म्हनून सांगते. कोन ऐकनार तिचं? आनि तुझ्या सासरचे आता आपल्याकडे मान वर करून बघनार नाहीत. झालं ते बरंच झालं."

झालं ते बरंच झालं! बाप आत नळ्या लावून पडलाय.

मला कळत नाही, माणसाला इतकं घाणेरडं सुचतं कसं आणि सुचल्यावर वडा कसा गिळवतो.

२७ नोव्हेंबर, शनिवार

कळंबचे आले. विघ्नेशची आई, बाबा. सफरचंदं, शहाळी, वर फूल. विघ्नेशच्या आईने माझ्या आईचे हात धरले. "जयवंतीताई, आमच्या पोरीकडून चूक झाली. पदर पसरते, पण लग्नावर राग काढू नका."

आई माझ्याकडे बघेना. म्हणाली, "चालायचंच."

चालायचंच! ते आपली क्षमा मागतायत आणि आपण ती करतोय. सफरचंदं काकांनी पिशवीत बघून चाचपली, दोन काढून खिशात घातली. बाबा जागे होते. डोळे मिटून होते, पण जागे होते, पापण्या हलत होत्या. मला वाटलं होतं, निदान ते बोलतील.

विघ्नेश दारात उभा होता. जाताना माझ्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाला, "होईल सगळं ठीक." त्या एवढ्यावर मी दिवस काढला.

अश्लेषा काहीच बोललेली नाही. कुणालाही नाही. मी रोज वाट बघते की आता बोलेल, आता आमचं पितळ उघडं पडेल. नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

आज आगाशी रोडने आले. अश्लेषाच्या दवाखान्याचं दार उघडं, बाकावर एकही माणूस नाही. ती आत खुर्चीचं रेक्झिन पुसत होती. पुसलेलंच परत पुसत होती. मी रस्त्याच्या पलीकडून गेले.

क्लासमधली एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "त्या बाईकडे नको जाऊस, तिने बोळिंजच्या अंकलना दात काढता काढता मारलंच होतं." मी त्यांना गप्प बसून टायपिंग करा म्हटलं. बाकी काही म्हटलं नाही.

एवढ्या सगळ्या प्रकारात स्वच्छ अशी ती एकटीच. बाकी आम्ही सगळे त्या कट्ट्यावरच्या कापसासारखे. मला स्वतःचाही वास यायला लागलाय.

१ डिसेंबर, बुधवार

बाबा घरी. इंजेक्शनांनी दाढेची सूज उतरली आहे, पण दाढ आहे तिथेच. इस्पितळवाल्यांनी अँजिओग्राफी लवकर करा म्हणून बजावलं. काकांनी त्यांच्या तोंडावर हो म्हटलं, रिक्षात म्हणाले, "लग्नानंतर बघू."

दुपारी बाबांना पेज भरवत होते. मी विचारलं, "त्या दिवशी सोयरे आले तेव्हा गप्प का बसलात?" म्हणाले, "तुझं लगीन मोडलं तर माझ्या काळजाचा काय उपेग?"

इतका राग आला आणि इतकं रडू आलं की वाटी ठेवून मोरीत गेले. आपल्यावर प्रेम असलेलं माणूस असं खोटं का बोलतं? प्रेमाने खोटं बोललं की त्याला शिळा वास येत नाही की काय?

३ डिसेंबर, शुक्रवार

ठरवलं. आधी विघ्नेशला सांगायचं, एकट्याला. काय होईल ते होवो. मोडलं तर मोडलं. लिहायला सोपं आहे.

३ डिसेंबर, संध्याकाळ

भेटले. कळंबच्या किनाऱ्यावर, ते पाहुण्यांना भाड्याने देतात त्या कॉटेजच्या मागे. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, वर मुंबईच्या पाहुण्यांचा कसलासा आरडाओरडा. त्याने भेळ आणली होती. मी न खाता सगळं एका दमात सांगितलं. अंजायना, चंची, केळव्याचं स्थळ, काका, सगळं. डोळे वर करवत नव्हते.

तो भेळ खात होता. म्हणाला, "मला माहितीय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"ताईने त्याच दिवशी फोन करून सांगितलं मला. मी म्हटलं, कुणाला बोलू नकोस. आई-बाबांना कळलं तर लग्न मोडतील. तिने ऐकलं माझं."

"अरे पण लोक तिच्याकडे जात नाहीत! आई-बाबा तुझे, हात जोडून माफी मागून गेले!"

"बरंच झालं ना. ते नमले म्हणून लग्न टिकलं. ताईचं काय, वर्षभरात लोक विसरतील. नाही विसरले तर नालासोपाऱ्यात टाकेल दवाखाना." मग जवळ सरकला, "तुझ्यासाठी केलं मी हे, सुरुची."

आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. शाबासकीसाठी! ओठाला शेव चिकटलेली. ज्या तोंडातून माझं नाव ऐकलं की बरं वाटायचं तेच तोंड. मी लांब सरकून वाळूत बसले, तोंड फिरवून. तो म्हणाला, "ऊन लागलं असेल." सूर्य मावळत होता.

मी घाबरले होते की खरं सांगितलं तर तो जाईल. खरं सांगितलं आणि तो गेला नाही. हे जास्त वाईट निघालं.

५ डिसेंबर, रविवार

मोडलं.

कळंबचे वऱ्हाडाच्या बसचं ठरवायला आले होते. काका मधोमध बसून कोण कुठे बसणार ते सांगत होते. विघ्नेश कोपऱ्यात. मी चहाचा ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्या बोलले. काय काय बोलले ते सलग आठवत नाही. बाबांना वर्षभर अंजायना आहे, आम्ही लपवलं, अश्लेषाताईने विचारलं तेव्हा आम्ही नाही म्हटलं, तिने धावत जाऊन गोळी आणून त्यांना वाचवलं, आणि आम्ही तिलाच बदनाम केलं. आणि तुमच्या मुलाला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

काका उठले. "पोरगी तापात आहे—"

तेव्हा बाबा बोलले. पलंगावरून. "पोर खरं बोलतं, रमेश. बस खाली." आयुष्यात पहिल्यांदा काकांना बस म्हणाले. आणि काका बसले!

विघ्नेशच्या आईचा चेहरा पांढराफटक. "फसवलंत आम्हाला," म्हणाली. बरोबरच आहे. मग विघ्नेशकडे वळली, "आणि तू मला तिच्या बापापुढे पदर पसरायला लावलास!" मी अंगठी काढून ट्रेमध्ये ठेवली. चहा सांडला होता, त्यात.

ते गेल्यावर आई चुलीपाशी बसून राहिली. मला वाटलं शिव्या देईल. थोड्या वेळाने उठली, फळीवरची चंची काढली, तंबाखू चुलीत टाकली, गोळ्यांची बाटली पुसून बाबांच्या उशीजवळ ठेवली.

६ डिसेंबर, सोमवार

गावात दुसरा विषय नाही. नाक्यावरची हेलनमावशी मासळीची पाटी मांडून बसलेली, तीही म्हणाली, "बरा केलास पोरी, पन आता तुला कोन करील?" काल कसं बोलले मी, मलाच कळत नाही. रडले. विघ्नेशसाठीही रडले, लिहायला लाज कसली. पण आज जेवले पोटभर. अश्लेषाच्या दवाखान्यात दोन बायका बसलेल्या दिसल्या. तेवढ्यासाठी सगळं वसूल.

९ डिसेंबर, गुरुवार

आज अश्लेषा घरी आली. मला वाटलं, आभार मानायला. मी हसत दार उघडलं, बस म्हटलं, सरबत करू का विचारलं. ती बसली नाही.

म्हणाली, "तू माझ्यासाठी लग्न मोडलंस, म्हणून तुला सांगायला हवं. पहिलं इंजेक्शन साधं होतं."

मला काही कळेना.

"साखरपुड्याला तुझे बाबा जिना चढून आले, छाती धरून बसले आणि चंचीतून गोळी जिभेखाली धरली. मी समोर होते. मला कळलं होतं. तरी त्या दिवशी विचारलं, तुझे काका नाही म्हणाले, मी बरं म्हटलं. नवीन सोयरे, खोटं कसं पाडू? गुपचूप साधं दिलं. ते लागेना. तुझे काका हसले. मला वाटलं, सगळ्या वऱ्हाडात माझं हसं होईल. म्हणून दुसरं भरलं, ते मिसळलेलं. मला माहीत होतं काय करतेय ते."

ती गेली. मी दार लावून त्यालाच टेकून बसले आहे. ओठ धुवून टाकावेसे वाटतात, इतके दिवस तिचं नाव घेतलं म्हणून. पण मग आणखी कुणाकुणाचं धुवायचं?

त्या खोलीत आम्ही चौघं होतो. चौघांनाही माहीत होतं.